लेकरू दाबलं म्हणे

आमच्याकडे म्हातारं माणूस गेलं तर लोक म्हणतात, वय झालं होतं. तरणं गेलं तर विचारतात, काय खाल्लं, कुठं गेलं होतं, कोणाशी भांडलं होतं. पण अंगावर पिणारं लेकरू झोपेत गेलं तर कोणी काही विचारत नाही. सगळे आईकडे बघतात. माझ्याकडे असंच बघितलं लोकांनी, आणि खरं सांगते, अजून बघतात.

माझं माहेर अनसिंग. दिलं मेडशीच्या आतल्या बाजूला, एका लहान गावात. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं. मुलगा दिवस भरायच्या आधीच आला. एवढासा, वाळक्या शेंगेसारखा. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा माझ्या आईनं खोलीची खिडकी पोत्यानं बुजवून टाकली. बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा अन् वावडिंग, डोक्याला कानटोपी, अंगावर दोन गोधड्या, वरून रजई. वारा लागू नये लेकराला! श्वास घ्यायला मात्र कुठून मिळावा, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. मलाही तीच माया वाटायची.

आणि निजवायचं पालथं. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका पोरं पालथीच निजवत. "पालथं असलं की पोटातला वारा सरते, डोक्स गोल येते, अन् मुख्य म्हंजे दचकत नाही," आई म्हणायची. खरंच दचकायचा नाही. तासन्‌तास झोपायचा. बघायला येणारी प्रत्येक बाई म्हणे, "काय गुणाचं लेकरू हाय वं, आवाज नाही त्याचा!" मी फुगून जायची. आपलं पोरगं गुणाचं आहे, शहाणं आहे, आईला त्रास देत नाही. सुटल्यासारखंही वाटायचं, आणि कौतुकही.

बारसं झाल्यावर मला सासरी नेलं. तूर निघायचे दिवस होते, थंडी होती. सासूला मी आईच म्हणते, आमच्याकडे तसंच. खोटं कशाला बोलू, नातवावर तिचा फार जीव होता. अंघोळ तीच घालायची. तेलानं चोळून, कढत पाणी ओतून, धुरी देऊन, घट्ट गुंडाळून, पालथं निजवून, पाठीवर थोपटत बसायची. सासरे त्याच खोलीत कोपऱ्यात बसून बिडी ओढायचे अन् नातवाशी गोष्टी करायचे. धुरीचा धूर, बिडीचा धूर, पलीकडं चुलीचा धूर. त्या घरात धुराला कोणी धूर म्हणत नव्हतं.

त्या दिवशी दुपारी सगळे तुरीच्या मळणीवर होते. घरी मी आणि आई. तिनं लेकराला अंघोळ घातली, मी दूध पाजलं, मग तिनं त्याला माझ्याच पलंगावर गोधडीची जाड घडी करून पालथं निजवलं, रजई टाकली, आणि मला म्हणाली, "जाय, तूही पड जराशी. रातभर जागी हायेस." मी पलंगाच्या दुसऱ्या कडेला पडले. मधात एक माणूस बसेल एवढी जागा होती. ही जागा मी पुढं किती जणांना दाखवली! पलंगावर झोपून दाखवली. लोक मान डोलवायचे, आणि मान डोलवण्याचा अर्थ 'हो' असा कधीच नव्हता.

मळणीयंत्राचा आवाज थांबला तशी मला जाग आली. लेकरू जसं ठेवलं होतं तसंच होतं. मूठ तशीच, कानटोपी तशीच. फक्त पाठ हलत नव्हती. मी त्याला उलटं केलं. तोंड कसं दिसत होतं ते मी कोणाला सांगितलं नाही आणि इथंही सांगणार नाही. तेवढं माझ्यापाशी राहू द्या.

मळणीवरून धावत आलेल्या नवऱ्यानं मोटरसायकल काढली, मी मागं लेकरू छातीशी धरून बसले. आमच्या वाशिमकडच्या मालेगावच्या डॉक्टरनं कानाला नळी लावली अन् काढली. म्हणाला, बराच वेळ झाला. मग विचारलं, पोस्टमॉर्टम करायचं का, कारण कळेल कदाचित. मागून पोचलेल्या सासऱ्यांनी हात जोडले. "नाही साहेब. लेकराले कापू नका." मीही नाहीच म्हटलं असतं, मला कोणी विचारलं नाही इतकंच. शेताच्या बांधाला त्याला माती दिली. बायकांना नेत नाहीत, त्यामुळं नेमकं कुठं, हे मला नंतर अंदाजानं कळलं.

पुरुष परत यायच्या आधीच अंगणात निकाल लागला होता. आमच्या शेजारी एक चुलतसासू राहते, गावात कोणाच्या घरी काय शिजतं ते हिला भांड्याच्या आवाजावरून कळतं. ती बायकांमध्ये बसून म्हणाली, "जवळच झोपली होती म्हने. डोया लागला असन. थानाखाली दबलं लेकरू." हळू नाही बोलली. मला ऐकू यावं असंच बोलली. उचलली जीभ, लावली टाळ्याला! मी तिच्याकडं नाही, आईकडं बघितलं. लेकरू कोणी निजवलं, कसं निजवलं, मी कुठं पडले होते, हे सगळं डोळ्यांनी बघणारी त्या अंगणात ती एकटी होती. तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं दुःखानं वाचा गेली असेल. मी तिची कीव केली हो त्या वेळी!

दुसऱ्या दिवशी ते मेडशीच्या बसस्टँडवर पोचलं होतं. तिसऱ्या दिवशी अनसिंगला. माझा भाऊ भेटायला आला तर एसटीत त्याला ते दुसऱ्याच माणसाकडून ऐकायला मिळालं. म्हणे, "तिकडं एका बाईनं लेकरू झोपेत दाबलं." बाई म्हणजे कोण, हे सांगणाऱ्याला माहीत नव्हतं.

तशी कारणं बाकीचीही होती. कारणांना काय तोटा! कोणी म्हणे नजर लागली, कोणी म्हणे दूध जड होतं, कोणी म्हणे मी गरोदरपणी ग्रहणात विळा हाती धरला. एक तर म्हणाली, सटवाईनंच कपाळावर तेवढं लिहिलं होतं. हीच बाई घटकाभरानं म्हणते, "पन आईनं जरा सावध झोपा लागते." अगं बाई, सटवाईनं लिहिलं असेल तर मी कितीही जागी राहिले असते तरी काय उपयोग होता? आणि मी दाबलं असेल तर सटवाईला कशाला मधात घेतेस? दोघींपैकी एकीला तरी सोड! पण नाही. सटवाईला कोणी नावं ठेवत नाही, ती देवी आहे. मी सून आहे.

मी माहेरी आईला म्हटलं, तू तरी सांग लोकांना. ती म्हणाली, "सासर हाय माय, ऐकून घ्या लागते. दुसरं होऊ दे, लोकं इसरतीन." सगळ्यांना दुसऱ्याचीच घाई.

मला कोणाकडूनच फार काही नको होतं. एका माणसाकडून एक वाक्य हवं होतं. नवऱ्यानं चार लोकांत फक्त एवढं म्हणावं, की तिनं दाबलं नाही. तो वाईट नाही. मला कधी हात लावला नाही, टाकून बोलला नाही, लेकराचा विषय निघाला तर उठून जायचा. पण कोणी माझ्यासमोर, त्याच्यासमोर ते बोललं की हा चप्पल शोधायला लागायचा. मी म्हटलं, "तुमाले काय वाटते? तुमाले वाटते का मी दाबलं?" तर म्हणे, "जाऊ दे ना. लोक बोलते अन् इसरते." हे उत्तर आहे का? यात 'हो'ही नाही, 'नाही'ही नाही. मी ठरवलं की याला शंका आहे. आणि शंका आहे तर ती फेडायची, ज्यानं फिटेल त्यानं.

पुन्हा दिवस गेले तेव्हा मी हट्ट धरला की वाशिमला लेकरांच्या डॉक्टरला विचारायचं. पोटातलं विचारायचं नव्हतंच, गेलेल्याचं विचारायचं होतं. नवऱ्याला सोबत नेलं, मुद्दाम. डॉक्टर जरा चिडका होता, बाहेर गर्दी होती, पण मी सुरुवात केल्यावर त्यानं पेन खाली ठेवलं. कसं निजवलं, काय पांघरलं, खोलीत कोण बिडी ओढतं, लेकरू किती दिवसांचं झालं होतं, आधी जन्मलं होतं का, सर्दी होती का, एकेक विचारलं.

मग म्हणाला, "पक्कं कारण मी सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकणार नाही. पोस्टमॉर्टम झालं असतं तर दोन-चार कारणं बाद तरी करता आली असती. कधी कधी सगळं तपासूनही काही सापडत नाही. चांगलं भलं लेकरू झोपतं आणि उठत नाही."

मी म्हटलं, "असं कसं?"

"मेंदूत श्वास सांभाळणारा, जाग आणणारा भाग असतो. काही लेकरांचा तो कच्चा राहत असावा, असं समजतात. तोंडावर पांघरूण आलं, श्वास कोंडला, तर तुम्ही-आम्ही धडपडून उठतो. ते लेकरू उठत नाही. आधी जन्मलेल्या, कमी वजनाच्या लेकरांना धोका जास्त. दोन ते चार महिन्यांचं वय सगळ्यात नाजूक, तुमचं त्यातच होतं. त्यात पालथं निजवलं, खाली मऊ, वर जाड, अंग तापलेलं, खोलीत धूर. एकट्या एका गोष्टीनं होईलच असं नाही. सगळं एका वेळी जमून आलं की होतं."

"पण तो किती छान झोपायचा," मी म्हटलं. "दचकायचा पण नाही."

"तेच तर," डॉक्टर म्हणाला. "दचकणं चांगलं असतं. दचकतं म्हणजे जागं होतं. पालथं लेकरू गाढ झोपतं, म्हणून आपल्याला बरं वाटतं."

मला तिथं ओरडावंसं वाटलं. गल्लीतल्या बायका ज्याला गुण म्हणत होत्या, मी ज्याच्यावर फुगत होते, ते हे होतं! इतक्या जणी, इतकी पोरं वाढवलेल्या, एकीलाही माहीत नव्हतं. आणि ज्यांना माहीत होतं ते इथं खुर्चीत बसून होते, आमच्या गल्लीपर्यंत कोणी आलं नाही सांगायला.

शेवटी मी विचारलं, "म्हणजे मी दाबलं नाही ना?" डॉक्टरनं खोटा धीर दिला नाही. म्हणाला, "मी तिथं नव्हतो. एकाच अंथरुणात झोपणं हाही धोकाच, पुढच्या वेळी लेकराची जागा वेगळी करा. पण लेकरू ठेवलं तसंच सापडलं असेल, तुम्ही लांब असाल, तर तुम्ही दाबलं म्हणायला आधार काय? दोष शोधू नका यात. कोणाचाच." मग नवऱ्याकडं बघून म्हणाला, "तुम्ही ऐकताय ना?" नवरा म्हणाला, "हो साहेब."

परत येताना एसटीत मी किती हलकी होते! मला वाटलं, झालं, याच्या कानावर पडलं, आता हा बोलेल.

मुलगी झाली, दिवस भरून, चांगली टपोरी. मी बाळंतपण सासरीच करायला लावलं, कारण माहेरच्या त्या पोत्यानं बुजवलेल्या खिडकीच्या खोलीत मला जायचं नव्हतं. सुताराकडून सपाट फळ्यांची लहान खाट करून घेतली, माझ्या पलंगाला लागून. त्यावर पातळ गादी, घट्ट ताणलेली चादर, उशी नाही, गोधडी नाही, कानटोपी घरात नाही. पोरगी उताणी. धुरी बंद. आईनं, म्हणजे सासूनं, कपाळावर हात मारला. "अवं, डोक्स चपटं होईन तिचं, पोळपाटासारखं! कोन करन तिच्याशी लगन?" मी म्हटलं, "चपट्या डोक्याची का होईना, जिती पायजे." सासरे मात्र एक दिवस काही न बोलता बिडी घेऊन फाटकापाशी जाऊन बसले, आणि मग तिथंच बसायला लागले. त्या घरात मला समजून घेणारं तेवढं एकच माणूस निघालं, आणि त्यांनीही ते तोंडानं सांगितलं नाही.

पोरगी दचकायची, रडायची, मला झोपू द्यायची नाही. बायका म्हणत, काय किरकिरं लेकरू आहे. मी म्हणे, रड बाई, खूप रड.

आणि आता गंमत ऐका. मी लेकराला वेगळ्या खाटेवर ठेवते, जवळ घेऊन झोपत नाही, पाजून लगेच बाजूला ठेवते, हे गावानं बघितलं. बघून काय म्हणावं? "पाहा! आता नाही घेत जवळ. तिले मालूम हाय ना काय केलं ते." चुलतसासूनं तर येऊन माझ्या तोंडावर म्हटलं, "बरं करतं बाई. एकदा ठेच लागली की मानूस पाहून चालते." मी जीव वाचवायला जे जे करत होते, ते ते माझा कबुलीजबाब होत होतं. खाट वेगळी केली तर मी दोषी. पोरीला जवळ घेऊन झोपले असते तर निर्लज्ज. अशा वेळी बाईनं जावं कुठं?

तरी मी गप्प राहिले, कारण मी नवऱ्याच्या त्या एका वाक्याची वाट बघत होते. डॉक्टरसमोर 'हो साहेब' म्हणाला होता ना.

पोरीचं जावळ काढलं तेव्हा घरी जेवण केलं. पंगत अंगणात बसली होती, मी पोळ्या वाढत होते, नवरा भाजीची बादली घेऊन पुढं होता. चुलतसासूनं पोरीचं तासलेलं डोकं कुरवाळलं अन् मोठ्यानं म्हणाली, "देवानं दिलं बाप्पा यावेळी. आईनं जवळ नाही घेतलं, म्हून वाचलं." दोन-चार जण हसले. मी पोळी हातात धरून नवऱ्याकडं बघितलं. हीच ती वेळ होती, सगळं गाव समोर बसलेलं. त्यानं भाजी वाढता वाढता म्हटलं, "हो, शिकली आता ते."

मी पंगत पूर्ण वाढली. कशी वाढली मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात भांड्यांचा ढीग घासायला बसले होते. तो मंडपाचे बांबू सोडत होता. आई आत पोरीला खेळवत होती. मी म्हटलं, "तुमी काल असं काहून म्हनलं? डॉक्टरनं काय सांगतलं होतं?"

"मले याद हाय काय सांगतलं ते."

"मंग सांगतलं काहून नाही चार लोकांत?"

त्यानं बांबू खाली टाकला. "काय सांगू? लेकरू आईनं पालथं निजवलं, रजई आईनं टाकली, हे सांगू?"

"कोणी निजवलं याचा संबंधच नाही. माह्या मायनंही तसंच निजवलं होतं, मीही तसंच निजवत होती. डॉक्टर म्हनला ना, कोनाचाच दोष नाही."

"हे तुले समजते, मले समजते. लोकाइले नाही समजत. लोकाइले एक नाव लागते. आईचं नाव निंगालं असतं तर तिनं विहिरीत उडी घेतली असती. तुह्यात दम हाय, तू सोसतं."

माझ्या हातात राखेची मूठ तशीच राहिली. मी विचारलं, "म्हणजे वाशिमले जायच्या आधीपासून तुमाले वाटत नव्हतं, की मी दाबलं?"

"कधीच नाही," तो म्हणाला, अगदी साध्या आवाजात, जणू मला बरं वाटावं म्हणून. "माती देऊन आलो ना, तवाच आईनं मले सांगतलं. रडून राह्यली होती. म्हने, मीच निजवलं होतं पालथं, सून दूर होती. मीच म्हनलं तिले, आता कोनाले सांगू नोको."

आतून आईचा आवाज आला, पोरीला भूक लागली म्हणून. मी हात धुतले आणि उठले. इतके दिवस मी याची शंका फेडायला धडपडत होते, पलंगावर झोपून जागा दाखवत होते, वाशिमला घेऊन जात होते. याला शंका असती तर मी अजून दहा वर्षं धडपडले असते. त्याला शंका नव्हतीच.